तिसरी चौकट

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. जर्मनीतला जानेवारी, उजाडायला अजून दोन तास आहेत. परदेशी नागरिकांच्या कार्यालयाचं दार आठला उघडेल, पण टर्मिन, म्हणजे भेटीची ठरलेली वेळ, न मिळालेल्यांची रांग आत्ताच कोपऱ्याला वळली आहे. माझा नंबर एकविसावा. कोटाच्या आत फाइल धरली आहे: पासपोर्ट, पगाराच्या स्लिपा, घरभाड्याचा करार आणि ऑक्टोबरमध्ये केलेल्या अर्जाची पोच. राहण्याचा परवाना संपून बारा दिवस झालेत.

पुढे केरळची एक नर्स आहे. रात्रपाळी संपवून थेट आली आहे. "रविवारी माझी मुदत संपते. अर्ज केव्हाच केलाय," ती सांगते. "तरी हॉस्पिटल म्हणतं, कागद आणा, नाहीतर सोमवारपासून ड्यूटी नाही."

खरं तर कायदा तिच्या बाजूने आहे. परदेशी लोकांच्या वास्तव्याच्या कायद्यातलं कलम ८१ सांगतं, मुदतीत अर्ज केला की निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालूच धरायचा, नोकरीच्या हक्कासकट. त्याच्या दाखल्याचं नाव 'फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग'. रांगेतले आम्ही सगळे नुसतं 'फिक्शन' म्हणतो. त्यावर तीन चौकटी असतात. तिसरीवर फुली असेल तरच देशाबाहेर जाऊन परत येता येतं. फेब्रुवारीत वाईला बाबांचं वर्षश्राद्ध आहे.

"तीन महिने उत्तर आलं नाही तर कोर्टात जाता येतं," मागून कुणीतरी म्हणतं. सगळे गप्प. जिथे संसार मांडलाय, तिथल्याच सरकारवर दावा लावायला मन धजत नाही.

आठला दार उघडतं. टोकन घेऊन आम्ही बाकांवर बसतो. खिडकीमागे एकटी बाई काम करते आहे. तिच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या आहेत. माझा राग तिच्यावर नाही. पण हा दाखला म्हणजे उपकार नव्हे, कायद्याने आधीच दिलेल्या हक्काची ती पावती आहे. ती अडली की नर्सची ड्यूटी अडते, आणि तिच्या वॉर्डातला रोगीही.

सव्वादहाला नर्स बाहेर येते. घडी घातलेला कागद छातीशी धरलेला. लांबूनच मान हलवते: मिळाला.

मग मी. बाई फाइल चाळते. नव्या परवान्याचं कार्ड बर्लिनहून छापून येतं, त्याला आणखी काही आठवडे लागतील, असं सांगते. तेरा युरो भरतो. प्रिंटर खडखडतो. मी विचारण्याआधीच ती कागद माझ्याकडे वळवते आणि बोट ठेवते. तिसऱ्या चौकटीवर फुली आहे.

बाहेर येऊन फोन लावतो. वाईत दुपारचे तीन वाजलेत. पहिल्याच रिंगला आई उचलते.

"फिक्शन मिळालं का रे?"

हा शब्द तिलाही पाठ झालाय.

"मिळालं, आई. तिकीट काढतो."