दगड न फोडता कळतं त्यात काय आहे! पण तो वसईचाच का, हे कळतं का?

जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बॅसिलिकाचं बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं. चर्च जांभ्याचं, पण दर्शनी भागावरच्या नक्षीसाठी वापरलेला बेसॉल्ट वसईहून आणला, असं सांगितलं जातं. तेव्हा वसई आणि गोवा दोन्ही पोर्तुगिजांकडे होते, त्यामुळे गोष्ट पटण्यासारखी आहे. पण तपासायची कशी? जागतिक वारसा असलेल्या वास्तूचा तुकडा तोडायला कोण देणार?

अशा वेळी कामी येतं पोर्टेबल एक्सआरएफ. दिसायला अगदी ड्रिल मशिनसारखं. ते दगडाला टेकवून खटका दाबला की क्ष-किरण दगडात शिरतात आणि अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवून लावतात. रिकाम्या जागेत बाहेरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उतरतो आणि फरकाची ऊर्जा पुन्हा क्ष-किरण होऊन बाहेर पडते. ही ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली असते. लोहाची मुख्य खूण ६.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला मिळते. मिनिट-दोन मिनिटांत पडद्यावर यादी येते: लोह इतकं, टायटॅनियम इतकं. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरवरचं एपीएक्सएस उपकरणही २०२३ मध्ये चंद्राची माती याच तत्त्वावर तपासत होतं.

वसईच्या खाडीपलीकडे मनोरी-गोराईला ट्रॅकाइट नावाचा दुसरा ज्वालामुखीय खडक सापडतो. बेसॉल्टमध्ये लोह आणि टायटॅनियम जास्त, तर ट्रॅकाइटमध्ये सिलिका आणि सहसा झिर्कोनियम जास्त. हे दोन खडक वेगळे करणं यंत्राला फारसं जड नाही.

खरी पंचाईत पृष्ठभागाची. वसई किल्ल्याच्या भिंतीवर यंत्र टेकवलं तर चुन्यामुळे कॅल्शियम फुगून दिसेल आणि खाऱ्या वाऱ्यामुळे क्लोरीन. सिलिकॉनची खूण तर केसाच्या जाडीपेक्षाही कमी खोलीवरून येते. म्हणजे यंत्र दगडाऐवजी त्यावरचा थरच वाचतं! सोडियम यंत्राला दिसतच नाही, आणि ज्वालामुखीय खडकांच्या नेहमीच्या वर्गीकरणात नेमका तोच लागतो. म्हणून स्वच्छ, शक्यतो ताजा पृष्ठभाग हवा, एकाच दगडावर अनेक ठिकाणी मोजमाप हवं आणि आधी घटक माहीत असलेल्या नमुन्यावर यंत्र पडताळून घ्यायला हवं.

एवढं करूनही 'हा दगड वसईचाच' असं ठामपणे म्हणता येत नाही. दख्खनचा बेसॉल्ट आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि लांबलांबच्या लाव्ह्याचे आकडे जुळू शकतात. उलटा निष्कर्ष मात्र जास्त भरवशाचा. झिर्कोनियम, स्ट्रॉन्शियम, नायोबियम यांची प्रमाणं वसईच्या नमुन्यांपासून फार दूर गेली, तर दगड त्या खाणींतला नाही. जुळलीच, तर खडकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं आणि पोर्तुगीज काळातल्या बांधकामाच्या नोंदी शोधणं, ही कामं उरतातच.