टिंबाने गिळलेली ओळ

बी. ए. झाल्यावर पहिली दोन वर्षं मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम केलं. कवितेनं पोट भरत नाही, हे घरच्यांनी मला वेळेवर समजावून सांगितलं होतं. तिथं एक गोष्ट अंगवळणी पडली. अनुस्वार गळला की 'चिंता'ची 'चिता' होते. उर्दूत तर एक नुक्ता वरचा खाली गेला की 'खुदा'चं 'जुदा' होऊन बसतं. टिंब लहान असतं, पण त्याचा पराक्रम मोठा!

हे ज्ञान आता जुन्या खिळ्यांबरोबर भंगारात गेलं, अशी माझी समजूत होती. गेल्या वर्षी ईदला भाचा पुण्याहून घरी आला आणि ती समजूत खोटी ठरली. तो एका कंपनीत मेल सर्व्हर सांभाळतो. शीरखुर्म्याची वाटी बाजूला ठेवून त्यानं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "मामू, तुम्ही छापखान्यात होतात ना? मग जरा हे पान वाचा. यात काय चुकलंय सांगा."

आधी मेल सर्व्हर म्हणजे काय ते सांगतो. ते आपल्या ई-मेलचं पोस्ट ऑफिस. आपण पत्र धाडलं की ते आधी तिथं येतं, पत्ता पाहिला जातो आणि पुढं रवाना होतं. पलीकडचं पोस्ट बंद असेल तर पत्र रांगेत थांबतं. हे काम करणारी सेंडमेल, एक्झिम, पोस्टफिक्स अशी सॉफ्टवेअरं आहेत. त्यांना पडद्यावर बटणं नसतात, हुकूम टंकून द्यावे लागतात. कोणता हुकूम काय करतो हे सांगणारी माहितीपानं सॉफ्टवेअरबरोबरच येतात. त्यांना 'मॅन पेज' म्हणतात. 'मॅन' म्हणजे माणूस नव्हे, 'मॅन्युअल'चं ते लघुरूप.

ही परंपरा जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवलं. त्याच्या पहिल्या माहितीपुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. पुढं १९७३ च्या सुमारास जो ओसाना यांनी छपाईच्या यंत्रासाठी 'ट्रॉफ' नावाचा कार्यक्रम लिहिला. १९९० मध्ये जेम्स क्लार्क यांनी त्याचा मुक्त अवतार काढला, तो 'ग्रॉफ'. आजही बहुतेक लिनक्स संगणकांवर ही पानं ग्रॉफच जुळवतो. म्हणजे आमचा जुना कंपोझिटरच म्हणा ना!

या कंपोझिटरचा एक नियम आहे. ओळीच्या आरंभी टिंब असेल तर ती ओळ मजकूर नव्हे, त्याला दिलेली सूचना असते : इथं मथळा घे, इथं नवा परिच्छेद कर. आरंभी एकेरी अवतरणचिन्ह असलं तरी तोच अर्थ. आता सूचना त्याला ठाऊक नसली तर तो काय करतो? बहुधा एक शब्दही न बोलता ती ओळ सोडून देतो. छापखान्यातला माणूस निदान विचारायला तरी यायचा.

भाच्यानं दाखवलेलं पान त्यांच्याच कंपनीत कुणीतरी लिहिलेलं होतं. रांगेतलं एखादं पत्र काढायचं तर त्याचा क्रमांक द्यावा, किंवा 'ऑल' लिहून रांग मोकळी करावी, असं त्यात होतं. पुढची ओळ मूळ फायलीत अशी होती : 'ऑल' म्हटल्यास सगळी पत्रं कायमची नष्ट होतात. ओळीची सुरुवातच अवतरणचिन्हानं झालेली! कंपोझिटरनं ती गिळली. वाचणाऱ्याला उरलं एवढंच, की रांग मोकळी होते.

नव्यानं लागलेल्या एका मुलानं रात्रपाळीत हे वाचलं. रांग मोकळी होते म्हणजे अडकलेली पत्रं पुढं जातात, असं त्याला वाटलं. यात त्याचं काय चुकलं? त्यानं हुकूम दिला. रांगेत मुलाखतीला बोलावणारी पत्रं होती. ती कुणाकडेच पोहोचली नाहीत. काहींना पुन्हा लिहिता आलं, काहींची तारीख उलटून गेली. दोष त्या पोरावर आला.

मी पान दोनदा वाचलं, पण चूक सापडली नाही. न छापलेली ओळ कशी सापडणार? मूळ प्रत शेजारी ठेवली तेव्हा दिसली. आमचा जुना धडाच तो, पुरावा नुसता वाचायचा नसतो, मूळ प्रतीशी ताडायचा असतो. उपाय मात्र चिमूटभर होता. ओळीच्या आरंभी \& अशी खूण घालायची. तिची रुंदी शून्य, ती छापली जात नाही. पण तिच्यामुळे अवतरणचिन्ह पहिलं राहत नाही आणि ओळ वाचते.

मग भाच्यानं आणखी तऱ्हा दाखवल्या. बहुतेक हुकुमांच्या मागे आडवी रेघ लावून पर्याय देतात. ही रेघ संगणकाच्या लेखी ४५ क्रमांकाचं अक्षर. पण ग्रॉफला साधी रेघ दिली की तो तिला शब्द जोडणारी संयोगरेषा समजू शकतो आणि तिच्यासारखंच दिसणारं दुसरं अक्षर छापतो. डोळ्यांना फरक कळत नाही, पण पानावरून उचलून चिकटवलेला हुकूम चालत नाही, पानात शोधलं तर सापडतही नाही. म्हणून रेघेआधी उलटी तिरकी रेघ द्यायची : \- असं. पानाच्या पहिल्या ओळीत नाव आणि वर्णन यांच्यामध्येही हीच खूण हवी. ती चुकली तर सूचीत पानाची नोंदच होत नाही. ठळक अक्षरांतलं जसंच्या तसं टंकायचं आणि तिरक्या अक्षरांच्या जागी आपलं नाव-गाव घालायचं, असाही संकेत आहे. तो बिघडला तर नवखा माणूस 'फाइलचं नाव' हेच शब्द टंकून बसतो.

गंमत म्हणजे टिंबाची हीच कथा पत्रातही आहे. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिलेल्या ई-मेलच्या नियमांनुसार, ओळीवर एकटं टिंब आलं की पत्र संपलं. मग पत्रातच तशी ओळ असेल तर? पाठवणारा सर्व्हर टिंबानं सुरू होणाऱ्या ओळीला आणखी एक टिंब जोडतो, घेणारा ते काढून टाकतो. म्हणून आपली पत्रं मध्येच तुटत नाहीत.

अशा चुका हुडकणारी साधनं आहेत. 'मॅनडॉक' हा कार्यक्रम पान तपासून संशयाच्या जागा दाखवतो. पण शेवटी माणसाचा डोळा लागतोच. जगभर कितीतरी लोक फुकट ही पानं तपासतात, कुठं रेघ बदलतात, कुठं खूण घालतात, आणि दुरुस्ती मूळ लेखकाकडे पाठवतात. त्यांची नावं आपल्याला कधी कळत नाहीत. मुद्रितं तपासणाऱ्याचं नाव तरी पुस्तकावर कुठं असायचं?

भाच्यानं त्या रात्रीच पान दुरुस्त केलं. सकाळी त्यानं वरिष्ठांना पत्र लिहिलं, की चूक त्या पोराची नव्हती, पानाची होती. पाठवण्याआधी मला वाचायला दिलं. मी त्यात एक अनुस्वार घातला आणि म्हटलं, आता जाऊ दे.