गाडी तापली : दोष शोधायचा कसा?

मोटारीच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनातली जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा चाके फिरवण्याच्या कामी येते. साधारण तेवढीच धुराबरोबर सायलेन्सरवाटे निघून जाते आणि उरलेली उष्णता इंजिनाच्या धातूत मुरते. ती बाहेर काढण्याचे काम कूलंटचे. हे काम केवढे आहे ते एका हिशेबावरून कळेल. एक लिटर पेट्रोल जळताना कूलंटच्या वाट्याला जी उष्णता येते, तिच्यात तीसएक लिटर थंड पाणी उकळीला येईल. लहान गाडीत कूलंट असते चार ते सहा लिटर. तेच कूलंट सतत फिरत राहिले आणि दर फेरीला रेडिएटरमध्ये निवत गेले, तरच इंजिन शाबूत राहते. कूलंट कमी पडले, त्याची फेरी अडली किंवा रेडिएटरला वारा मिळाला नाही, की काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागतो. गाडी तापण्याची कारणे मोजायला बसले तर पंधरावीस निघतील; पण बहुतेक सगळी या तीन घरांतलीच असतात.

कूलंटची वाट आधी समजून घेतली की पुढचा शोध सोपा जातो. पाण्याचा पंप कूलंटला इंजिनाच्या ब्लॉकमध्ये ढकलतो. सिलिंडरभोवतीच्या पोकळ्यांतून आणि वरच्या हेडमधून ते तापून बाहेर येते, वरच्या होज पाइपने रेडिएटरमध्ये उतरते, पातळ नळ्यांतून जाताना वाऱ्याने निवते आणि खालच्या पाइपने पुन्हा पंपाकडे येते. वाटेत थर्मोस्टॅट नावाची लहानशी झडप असते. तिच्या पोटात मेण भरलेले असते. इंजिन गार असताना झडप बंद राहते, म्हणजे इंजिन लवकर गरम होते. कूलंट ८२ ते ९० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की मेण वितळून फुगते आणि झडप उघडते. इंजिन ठराविक तापमानाला राहावे अशीच त्याची रचना असते, त्यामुळे ९० ते १०० अंश हा इंजिनाचा ताप नव्हे, ती त्याची प्रकृतीच आहे.

मग पाणी १०० अंशांना उकळत कसे नाही? दोन कारणांनी. एक म्हणजे कूलंट निव्वळ पाणी नसते. त्यात निम्मे इथिलीन ग्लायकॉल असते आणि असे मिश्रण उघड्यावरही १०६–१०७ अंशांपर्यंत उकळत नाही. दुसरे कारण रेडिएटरचे झाकण. स्वयंपाकघरातल्या कुकरसारखे ते आतला दाब साधारण एक बारने वाढवून धरते, त्यामुळे उकळण्याची मर्यादा १२० अंशांच्या पलीकडे जाते. झाकणाची स्प्रिंग ढिली पडली किंवा रबर चिरले, की ही सगळी सवलत संपते. त्यात आणखी उंचीचा भाग आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरहून उंच. तिथे उघड्यावरचे साधे पाणी ९५–९६ अंशांनाच उकळते. झाकण निकामी आणि कूलंटच्या जागी नळाचे पाणी, अशी गाडी मे महिन्यात एसी लावून आंबेनळी घाट चढू लागली, तर ती वर पोचण्याआधी बॉनेटमधून वाफ येणे अगदी स्वाभाविक आहे. घाटात इंजिन पूर्ण जोर लावत असते, गाडीचा वेग मात्र पहिल्या-दुसऱ्या गियरचा, म्हणजे समोरून येणारा वाराही बेताचा. एरवी झाकून राहिलेला दोष म्हणूनच घाटात उघडा पडतो.

काटा चढताना दिसला तर पहिले काम एसी बंद करण्याचे. दुसरे, गाडीचा हीटर पूर्ण लावून पंखा मोठा करण्याचे. उन्हाळ्यात ते नकोसे वाटते. पण हीटर हा इंजिनाला जोडलेला छोटा रेडिएटरच असतो आणि तो बरीच उष्णता आत ओढून घेतो. हीटर लावूनही गार हवा आली, तर तो धोक्याचा इशारा समजावा : कूलंट इतके घटले आहे की ते हीटरपर्यंत पोचतच नाही. अशा वेळी काट्यावरही भरवसा ठेवता येत नाही. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरे सांगतो. तो कोरडा पडला तर इंजिन भाजत असताना काटा खाली उतरलेला दिसू शकतो.

काटा लाल पट्ट्यात गेला, लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली, तर गाडी सुरक्षित जागी कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करावे. पुढच्या ढाब्यापर्यंत नेऊ, हा विचार सर्वांत महाग पडतो. बहुतेक गाड्यांत हेड ॲल्युमिनियमचे असते आणि अनेकांत खालचा ब्लॉक बिडाचा. ॲल्युमिनियम तापून बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. मर्यादेबाहेर तापलेले हेड वाकते, मधले गॅस्केट उडते आणि काहीशे रुपयांच्या पाइपचे काम काही हजारांच्या इंजिन-कामावर जाते.

थांबल्यावर दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. उघडताच दाब जातो, आतले शंभरच्या वर तापलेले कूलंट एकदम उकळते आणि उसळून तोंडाहातावर येते. गंभीर भाजल्याच्या घटना अशाच घडतात. दुसरे, इंजिनावर किंवा रिकाम्या तापलेल्या ब्लॉकमध्ये गार पाणी ओतू नये. धातू अचानक आकसून तडकतो. किमान अर्धा तास, शक्यतो अधिक, थांबावे. वरचा पाइप हाताने दाबता येईल इतका निवला आणि मऊ लागला, की जाड फडके घेऊन झाकण थोडेसे फिरवावे, उरलेली वाफ जाऊ द्यावी, मग काढावे. कूलंट जवळ नसेल तर त्या वेळेपुरते पिण्याचे पाणी चालेल. मात्र पाणी घातले म्हणजे गाडी दुरुस्त झाली असे नव्हे. बंद नळ्यांत फिरणारे कूलंट आपोआप संपत नाही. ते कमी झाले असेल तर कुठेतरी गेले आहे आणि ती जागा सापडेपर्यंत काम अपुरेच राहते.

शोधाची सुरुवात पान्याने करण्यापेक्षा एका प्रश्नाने करावी : गाडी नेमकी कधी तापते? चांगला मिस्त्री बॉनेट उघडण्याआधी हेच विचारतो, आणि बऱ्याचदा निम्मे निदान या उत्तरातच असते.

सिग्नलला किंवा गर्दीत उभी असताना गाडी तापते आणि मोकळ्या रस्त्यावर लागली की काटा खाली येतो, तर संशय पंख्यावर. धावत्या गाडीत वारा समोरून मिळतो, उभ्या गाडीत तो पंख्यानेच ओढावा लागतो. तपासणी सोपी आहे : इंजिन चालू ठेवून एसी लावावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर रेडिएटरचा पंखा काही क्षणांत फिरू लागतो. एसीवर फिरतो पण इंजिन तापल्यावर फिरत नाही, तर सेन्सर किंवा त्याची वायर बिघडलेली असण्याची शक्यता जास्त. कशानेच फिरत नाही, तर आधी फ्यूज, मग रिले, मग मोटर. इंजिन बंद असतानाही हा पंखा अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून पात्यांजवळ बोटे नेऊ नयेत. काही जुन्या डिझेल जीपगाड्यांत पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. तिथे पट्टा ढिला आहे का आणि पंख्याचा क्लच निसटतो आहे का, हे पाहावे.

उलट प्रकारही तितकाच बोलका आहे. गावात गाडी ठीक, पण महामार्गावर वेगाने किंवा घाटात तापते, तर संशय पंख्यापेक्षा रेडिएटरवर आणि कूलंटच्या फेरीवर. रेडिएटर आतून चोक झालेला असेल, पंपाची पाती झिजलेली असतील, थर्मोस्टॅट अर्धवटच उघडत असेल किंवा खालचा मऊ पडलेला पाइप पंपाच्या ओढीने आत चपटा होत असेल. रेडिएटर बाहेरूनही बंद होतो. एसीचा कंडेन्सर त्याच्या पुढ्यात असतो आणि दोहोंच्या फटीत धूळ, किडे, वाळलेले गवत, पाचटाचे तुकडे यांचा थर बसतो. समोरून पाहणाऱ्याला तो दिसत नाही. साध्या नळीने, इंजिनाच्या बाजूने बाहेर पाणी सोडून तो काढावा. सर्व्हिस सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने पातळ पत्रे वाकतात आणि वारा आणखी अडतो.

गार इंजिन सुरू केल्यावर चार-पाच मिनिटांतच काटा वर गेला, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे, कूलंट फारच कमी आहे किंवा गॅस्केट उडाले आहे. काळजीपूर्वक दोन्ही होज पाइप चाचपले तरी अंदाज येतो. इंजिन तापले आहे, वरचा पाइप चटका देतो आणि खालचा अगदी गार आहे, तर रेडिएटरमधून कूलंट वाहत नाही. थर्मोस्टॅटची जागा प्रत्येक गाडीत एकच नसते, त्यामुळे एवढ्यावरून तोच दोषी ठरवू नये. त्याची परीक्षा घरीही होते. काढलेला थर्मोस्टॅट दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात लोंबता सोडायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, बाजूला तापमापक ठेवायचा आणि पाणी तापवायचे. त्याच्या पत्र्यावर उघडण्याचे तापमान कोरलेले असते. त्या अंकाजवळ झडप हळूहळू उचलली गेली पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत पुरती उघडली पाहिजे. तशी ती उघडली नाही तर नवा बसवावा.

थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा, हा आपल्याकडच्या गॅरेजांत सर्रास दिला जाणारा सल्ला मात्र चुकीचा आहे. तो काढल्यावर काटा खाली राहतो म्हणून मालक खूश होतो; पण इंजिन कायम अर्धगार चालते, संगणक त्याला थंड समजून जादा पेट्रोल देत राहतो, ॲव्हरेज पडते, ऑइल खराब होते, सिलिंडर लवकर झिजतात. मूळ दोष तसाच राहतो तो वेगळाच.

दुसरी अशीच रुळलेली सवय म्हणजे वर्षानुवर्षे साधे पाणी भरत राहणे. उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा सरसच आहे, हे खरे. पण कूलंटमध्ये गंजरोधके असतात, पाण्यात नसतात. त्यातून बोअरचे जड पाणी असेल तर क्षार गरम भिंतींवर बसतात आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्या बुजवतात. रेडिएटर काढल्यावर त्यातून विटकरी चिखल निघतो तो याच गंजाचा आणि क्षारांचा. कूलंट गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रकारचे वापरावे, तीव्र द्रावण असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळावे आणि सांगितलेल्या मुदतीत बदलावे, कारण ग्लायकॉल टिकले तरी गंजरोधके संपतात. हिरवा, गुलाबी, निळा हा रंग कंपनीच्या पसंतीचा असतो. रंग जुळला म्हणून रसायन जुळतेच असे नाही. ग्लायकॉल चवीला गोडसर पण विषारी असते. सांडलेले कूलंट धुऊन काढावे आणि बाटली मुलांच्या व कुत्र्या-मांजरांच्या आवाक्याबाहेर ठेवावी.

गळती बहुधा खूण ठेवते. क्लॅम्पखाली, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीच्या सांध्यावर किंवा पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी वाळलेल्या कूलंटचा पांढरट-रंगीत थर दिसतो. पंपाच्या त्या भोकातून थेंब येऊ लागले म्हणजे आतले सील गेले, पंप बदलायचा. पायाशी गालिचा ओलसर, काचेवर चिकट धुके आणि गाडीत गोडसर वास, तर हीटरच गळतो आहे. गाडी गार झाल्यावर वरचा पाइप चपटा झालेला आढळला, तर झाकणाची आत घेणारी झडप अडकलेली असते. गॅरेजमध्ये हातपंपाने यंत्रणेत दाब भरून लपलेली गळती शोधता येते. झाकण बदलताना त्यावरचा दाबाचा आकडा जुन्याशी जुळवून घ्यावा. मिळेल ते बसवू नये.

बाहेर थेंबही नाही आणि कूलंट तरी घटते, तेव्हा हेड गॅस्केटचा विचार करावा लागतो. सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा गोडसर धूर, गार इंजिन सुरू करताच दगडासारखे कडक होणारे पाइप, झाकण काढून इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत येणारे बुडबुडे, डिपस्टिकवर दुधाळ तपकिरी ऑइल, या खुणा ठळक आहेत. पावसाळ्यात लहान फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ऑइलच्या झाकणाखाली थोडा दुधाळ चिकटा दमटपणामुळेही धरतो, त्यामुळे एवढ्या एका खुणेवर इंजिन उघडायला देऊ नये. कूलंटच्या वरची हवा एका निळ्या द्रावणातून ओढतात. तीत सिलिंडरमधला वायू मिसळला असेल तर पेट्रोल गाडीत द्रावण पिवळे पडते. ही परीक्षा आधी मागावी. गॅस्केट गेलेच असेल तर हेड उतरवल्यावर ते सरळ पट्टीने तपासून, वाकले असेल तर फेस मारून, तडा नाही याची खात्री करूनच परत चढवावे लागते. नुसते नवे गॅस्केट वाकलेल्या हेडखाली फार काळ टिकत नाही.

या सगळ्यांखेरीज जाम झालेला ब्रेक, निसटणारा क्लच, तुंबलेला सायलेन्सर किंवा कमी झालेले ऑइल यांनीही इंजिनावर भार पडून काटा चढतो. पण ही कारणे तुलनेने विरळ.

दुरुस्तीनंतर कूलंट भरताना आत हवा अडकून राहते आणि त्या हवेच्या गोळ्यामुळे नवे भाग घातलेली गाडीही तापते. म्हणून सावकाश भरावे, हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करावा, हीटर गरमवर ठेवून इंजिन पंखा फिरेपर्यंत चालू द्यावे आणि बुडबुडे थांबल्यावर पातळी पुरी करावी. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतली पातळी पुन्हा पाहावी आणि पुढचा आठवडाभर रोज पाहत राहावे. दोन खुणांमधली पातळी हलली नाही, म्हणजे गळती खरोखर बंद झाली.