श्रद्धा आणि बुद्धी : पंडिता रमाबाईंचा मार्ग

मुंबईतल्या वडाळ्याला आषाढी एकादशीला विठ्ठलमंदिरापुढे दर्शनाची रांग लागते. त्याच वडाळ्यात रविवारी चर्चमध्ये उपासना होते. हे पाहून कोणी विचारील, “देवाच्या दारी जाताना वहाणांबरोबर बुद्धीही बाहेर ठेवायची काय?” ख्रिस्ती धर्मापुरते याचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही मुलगी आईजवळ संस्कृत शिकली, आणि १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. कोणी सांगितले म्हणून मान डोलावणारी ही बाई नव्हे! त्या इंग्लंडात असताना नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांची पत्रे आली. हे काशीचे पंडित मिशनऱ्यांचे खंडन करायला निघाले होते, आणि विचार करता करता १८४८ साली स्वतःच ख्रिस्ती झाले होते. त्यांचा युक्तिवाद बाईंना पटला. १८८३ साली वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता पुढचे बघा. बाप्तिस्म्याने प्रश्न संपले नाहीत. देव एक, तर पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे त्रैक्य कसे? भगिनी जेरल्डीन यांच्याशी त्यांनी पत्रांतून वाद घातला. वडीलधाऱ्यांना त्यात अहंकार दिसला. पण एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरवून दुसऱ्याचे मानेवर घ्यायला बाई तयार नव्हत्या.

१८८९ साली त्यांनी गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन काढले. मात्र पुढे त्यांनीच लिहून ठेवले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. म्हणजे काय? विहिरीचे पाणी गोड की मचूळ, हे पारखता येते. पण प्याल्यावाचून तहान भागत नाही. पारख बुद्धीची, ओंजळ पुढे करणे ही श्रद्धा.

बरे, तहान भागल्यावर त्यांनी बुद्धी टाकली का? मुळीच नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल साध्या मराठीत आणले. १९२२ साली त्या वारल्या. ग्रंथ १९२४ साली केडगावला छापून निघाला.

गुरुजी, वर्गातले एखादे पोर “देव कशावरून?” असे विचारील, तेव्हा त्याला गप्प बसवू नका. रमाबाईंची वाट अशाच प्रश्नांतून गेली होती.