दीड महिन्याच्या बाळाची एचआयव्ही तपासणी चुकवू नका

आईला एचआयव्ही आहे म्हणजे बाळालाही असणारच, असं वस्तीत अजून बोललं जातं. ते खरं नाही. आईने गरोदरपणात औषधं नियमित घेतली आणि जन्मानंतर बाळालाही औषध दिलं, तर बहुतेक बाळं या विषाणूपासून वाचतात. पण आपलं बाळ वाचलं की नाही, हे त्याच्याकडे बघून कळत नाही. बाळ गुटगुटीत दिसतं म्हणून तपासणी टाळू नका, हे आम्ही घरोघरी सांगत असतो.

मोठ्या माणसांची साधी तपासणी विषाणू शोधत नाही, विषाणूविरुद्ध शरीरात तयार झालेल्या अँटिबॉडी शोधते. आईच्या अँटिबॉडी पोटातच बाळाला मिळतात आणि १८ महिन्यांपर्यंत त्याच्या रक्तात राहू शकतात. त्यामुळे लहान बाळाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी त्यावरून बाळाला लागण झाली असं म्हणता येत नाही. १८ महिने थांबणंही परवडत नाही. लागण झालेल्या बाळांना औषध मिळालं नाही, तर जवळपास निम्मी बाळं दोन वर्षांची होण्याआधीच दगावतात.

म्हणून बाळाच्या रक्तात थेट विषाणूच शोधावा लागतो. ही पीसीआर तपासणी. तिची यंत्रं महाग, त्यामुळे ती मोजक्याच प्रयोगशाळांत असतात. गरीब देशांनी यावर स्वस्त वाट काढली ती कागदाची. बाळाच्या टाचेला बारीक टोचून टीपकागदासारख्या जाड कार्डावर रक्ताचे थेंब घेतात. ते वाळवून, ओल शोषणाऱ्या पुडीसोबत पाकिटात घालून टपालाने पाठवतात. बर्फ लागत नाही, बाटली फुटायची भीती नाही. अमेरिकेतले डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकात नवजात बाळांच्या दुसऱ्या एका आजारासाठी ही पद्धत रूढ केली. पुढे आफ्रिका-आशियातल्या देशांना ती एचआयव्हीसाठी कामी आली. एका शहरातली प्रयोगशाळा अशी दूरदूरच्या गावांना पुरते.

लवकर कळल्याने काय होतं, ते दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासाने २००८ मध्ये दाखवलं. लागण झालेल्या ६ ते १२ आठवड्यांच्या काही बाळांना लगेच औषध दिलं, काहींना तब्येत खालावल्यावर. लगेच औषध मिळालेल्या गटात मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी झाले.

आपल्याकडे ही तपासणी सरकारी दवाखान्याच्या आयसीटीसी केंद्रामार्फत मोफत होते. दीड महिन्याच्या डोसाला बाळाला न्याल, तेव्हाच तिची मागणी करा. कार्ड पाठवल्यावर रिपोर्ट कधी मिळेल, ती तारीख लिहून घ्या आणि त्या दिवशी जाऊन विचारा. रिपोर्ट कपाटात पडून राहिला, तर बाळाचं औषध लांबतं. पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी निर्धास्त होऊ नका. अंगावरच्या दुधातूनही लागण होऊ शकते, म्हणून ६, १२ आणि १८ महिन्यांनी पुन्हा तपासणी लागते. पण मनानेच दूध तोडू नका. आईने औषध चालू ठेवावं आणि डॉक्टरांना विचारावं.

शेजारीपाजारी कळेल या भीतीने कित्येक आया केंद्रावर जात नाहीत. एचआयव्हीविषयीच्या २०१७ च्या कायद्याने तपासणीला संमती लागते आणि माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. कुणी चारचौघांत नाव पुकारलं, तर तिथेच हरकत घ्या. काही विचारायचं असेल, तर १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करा. नाव सांगायची गरज नाही.