मुळावर उठलेला मावा, सालीखालचा ढेकूण

नंदाखालात द्राक्षमळा नाही. दमट हवा आणि समुद्राचा खारा वारा. वसईच्या वाड्यांत वेल म्हणजे पानवेल. तरीही तिथल्या पवित्र आत्म्याच्या चर्चमध्ये मिस्सा होते, आणि मिस्सेची वाईन द्राक्षाचीच हवी, असा कॅथलिक चर्चचा कायदा आहे. नाताळच्या घरगुती वाईनवर अशी सक्ती नाही. ती जांभळाचीही चालते, आल्याचीही. नाशिकची द्राक्षं फेब्रुवारी-मार्चात येतात, तेव्हा डिसेंबरच्या तोंडावर मनुकांवरही भागतं. वाईन इथे, वेल घाटावर. त्यामुळे वेलीला काय लागलंय, याची चौकशी आपण सहसा करत नाही.

१५३४ ते १७३९ वसई ज्यांच्या ताब्यात होती, त्या पोर्तुगीजांच्या मायदेशात एकोणिसाव्या शतकात वेली वाळू लागल्या. दक्षिण फ्रान्समध्येही तेच. मेलेल्या वेली उपटल्या तर मुळांवर काहीच सापडेना. १८६८ मध्ये प्लांशों या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या, अजून हिरव्या असलेल्या वेलीची मुळं उकरली, तर ती जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या पिवळ्या माव्यांनी भरलेली! वेल मरू लागली की कीड पुढच्या झाडावर सरकत होती. हीच फिलोक्सेरा. ती अमेरिकेहून आणलेल्या वेलींबरोबर आली होती. फ्रान्सचं वाईन उत्पादन १८७५ मध्ये सुमारे साडेआठ कोटी हेक्टोलिटर होतं. १८८९ मध्ये ते अडीच कोटींच्याही खाली घसरलं. मळ्यांत पाणी कोंडून झालं, जमिनीत कार्बन डायसल्फाइड टोचून झालं, सरकारने तीन लाख फ्रँकचं बक्षीसही लावलं. शेवटी चालला तो उपाय असा, की अमेरिकन रानवेलीच्या खुंटावर युरोपीय वेलीचं कलम बांधायचं. रोग जिथून आला, औषधही तिथूनच. बक्षीस मात्र कुणालाच मिळालं नाही. वाळूत या माव्याचं काही चालत नाही, म्हणून लिस्बनजवळच्या कोलारीशचे वाळूतले मळे कलमाशिवायच तगले.

भारतात काश्मीरमध्ये बोर्दोहून वेली आणून मळे केले होते. १८९०च्या सुमारास तिथेही फिलोक्सेरा पोचली. महाराष्ट्रातल्या बागायतदाराची झोप मात्र तिने उडवलेली नाही. तरी इथल्या बऱ्याच बागा अमेरिकन मुळांवरच उभ्या आहेत. तो डॉगरिज खुंट, वंश टेक्सासच्या रानवेलीचा. तो आपल्याकडे आला दुष्काळाला आणि खारवट पाण्याला तोंड द्यायला.

आपला खरा वैरी मुळाशी नाही, सालीखाली आहे. पिठ्या ढेकूण; बागेत त्याला सगळे मिलीबगच म्हणतात. ओलांड्याची, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीची, सुटलेली साल नखाने उचलली की खाली कापसासारखा पुंजका दिसतो, त्यात शेकडो अंडी. मणी भरू लागले की पिल्लं घडात शिरतात, रस शोषतात आणि चिकट गोड स्राव सोडतात. त्यावर काळी बुरशी चढते. मुंग्या त्या गोडाला भुलून किडीची राखण करतात, म्हणून मिलीबग आवरायचा तर आधी मुंग्या आवराव्या लागतात. वायनरीला देखणा घड नको असतो, हे खरं. पण काळा चिकटा धरलेला मालही तिला चालत नाही. मिलीबगच्या काही जाती तर लीफरोल विषाणूही पसरवतात. मग साखर उशिरा भरते आणि लाल जातींना रंग चढत नाही. बाटलीच्या दृष्टीने हे नुकसान जास्त खोल, असं मला वाटतं.

युरोपात वेल हिवाळ्यात पानं गाळून निजते. आपली वेल निजतच नाही. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी छाटणी. बारा महिने कुठे ना कुठे हिरवं असतंच आणि किडीची चंगळ होते. त्यात मिलीबग फोफावतो तो फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या उन्हात, नेमका काढणीच्या तोंडावर. तेव्हा फवारावं तर अंश मण्यात उतरतात. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले आणि निर्यातीसाठी अवशेष-तपासणीची शिस्त बसली. वाईनच्या द्राक्षाचा तर रसच आंबवायचा असतो. म्हणून खरी लढाई एप्रिलमध्येच लढायची: छाटणीनंतर सुटी साल खरवडायची, गोळा करून जाळायची, आणि क्रिप्टोलिमस हा मित्रभुंगा सोडायचा. हा ऑस्ट्रेलियन पाहुणा १८९८ मध्येच भारतात आणला गेला, तोही कॉफीच्या मळ्यांसाठी. भुंगे सोडून वर जहाल औषध मारलं, की ढेकणांआधी तेच मरतात.

खोडकिड्यावर तर फवारणीचा इलाजच तोकडा. अळी लाकडात पोखरत जाते. वरून वेल ठणठणीत आणि खोडाशी पिठासारखा भुसा. तिला जुनं खोड आवडतं, आणि युरोपात जुन्या वेलींच्या वाईनला मान. इथे पोकळ झालेली बाग पुरती म्हातारी होण्याआधीच उपटावी लागते. ज्यांना ती राखायची आहे, ते पावसाळ्याच्या सुरुवातीला रात्री मंडपात प्रकाशसापळे लावतात आणि बॅटरी घेऊन खोडाखोडावरचे या किडीचे भुंगेरे हाताने वेचतात.