बीथोव्हनच्या शेजारी नव्याची बैठक

स्ट्रिंग क्वार्टेटच्या मैफलीचा साचा ठरलेला असतो. आरंभी हायडन किंवा मोझार्ट, शेवटी बीथोव्हन किंवा शुबर्ट, आणि या दोघांच्या मधोमध एखाद्या हयात संगीतकाराची पंधरा-वीस मिनिटांची रचना. उशिरा येणाऱ्यालाही ती चुकू नये आणि लवकर जाणाऱ्यालाही टाळता येऊ नये, अशी ही जागा. श्रोते ती रचना बहुधा सोसतात, आयोजकही कर्तव्य उरकल्यासारखे वागतात. पण दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो हा संच अडीचशे वर्षं टिकला तो नव्याच्याच जोरावर. नवं वाजवणं सोडलेल्या चौघांच्या हातून जुनंही हळूहळू गुळगुळीत होत जातं, असं माझं म्हणणं आहे.

आज ज्याला आपण अभिजात म्हणतो ते आपल्या काळात किती खटकलं होतं, हे आधी पाहू. मोझार्टने 1785 साली सहा क्वार्टेट हायडनला अर्पण करून छापले. त्यांतल्या शेवटच्याचा आरंभ आपल्या सरगमीत सांगता येतो. चेलो खाली षड्ज ठोकत राहतो. व्हायोला कोमल धैवतावर येतो, दुसरं व्हायोलिन कोमल गंधारावर. कान या कोमल स्वरांना सरावतो न सरावतो तोच पहिलं व्हायोलिन वरून शुद्ध धैवत लावतं. एका धैवताचा ठसा पुसला गेलेला नसताना दुसरा उभा राहतो आणि ऐकणारा दचकतो. पुढे फेतिस नावाच्या विद्वानाला ही मोझार्टची चूकच वाटली आणि त्याने चक्क दुरुस्ती सुचवली! बीथोव्हनची गत याहून वाईट. त्याचा तेरावा क्वार्टेट शुपान्झिखच्या संचाने मार्च 1826 मध्ये व्हिएन्नात वाजवला, तेव्हा लोकांनी मधल्या दोन भागांना वन्स मोअर दिला आणि शेवटच्या अजस्र फ्यूगपुढे, म्हणजे एकच धून चौघांत पाठोपाठ फिरवणाऱ्या गुंतागुंतीच्या भागापुढे, हात टेकले. प्रकाशकाच्या आग्रहावरून बीथोव्हनने सोपा शेवट लिहून दिला आणि फ्यूग वेगळा छापला गेला. आज तोच फ्यूग वाजवणं हा क्वार्टेटच्या मानाचा प्रश्न असतो.

यावर मराठी रसिक रास्त शंका काढील. आपल्याकडे यमन पिढ्यान्‌पिढ्या गातात, पण म्हणून कोणी नवा राग मागत नाही. मग बीथोव्हनचे सोळा क्वार्टेट का पुरू नयेत? फरक असा की यमनात रोजची उपज गवयाची असते. क्वार्टेटमध्ये प्रत्येक स्वर, त्याची लांबी, त्याचा जोर आधीच कागदावर उतरलेला असतो. वाजवणाऱ्यांचं स्वातंत्र्य केसभर उरतं: लय किंचित ओढायची की सोडायची, गज तारेवर किती दाबायचा, कोणी पुढे यायचं आणि कोणी मागे सरायचं. नवा ऐवज यायचा तो संगीतकाराकडूनच. आणि ते केसभर स्वातंत्र्यदेखील नव्या रचनेवरच घासून धारदार होतं. जुन्या रचनेच्या डझनावारी ध्वनिमुद्रिका हाताशी असतात, नकळत त्यांची नक्कल होते. नव्या रचनेत मुख्य आवाज कोणाचा, हे चौघांना तालमीत भांडूनच ठरवावं लागतं. हीच सवय घेऊन ते हायडनकडे परतले की हायडन ताजा लागतो. न्यूयॉर्कचा ज्युलिअर्ड क्वार्टेट 1946 साली सुरू झाला तो नवं मुरलेल्यासारखं आणि मुरलेलं नव्यासारखं वाजवायचं, हे ब्रीद घेऊनच. बार्टोकच्या सहाही क्वार्टेटची मालिका त्याने अमेरिकेत रुजवली, आणि त्याच्या बीथोव्हनला त्या बार्टोकची धार होती.

जुन्याकडे पाठ फिरवणारेही आहेत, हे खरं. व्हायोलिनवादक डेव्हिड हॅरिंग्टनने रेडिओवर संगीतकार जॉर्ज क्रमची ‘ब्लॅक एंजल्स’ ऐकली आणि 1973 साली सिॲटलमध्ये क्रोनोस क्वार्टेट उभा केला. हायडन-बीथोव्हन त्यांनी जवळपास इतरांवर सोडले. पण ती रचनाच पाहा. 1970 सालची, व्हिएतनाम युद्धाच्या सावलीतली. वाद्यांना विजेची जोड, वादक पाणी भरलेल्या काचेच्या पेल्यांच्या कडांवर गज फिरवतात, वेगवेगळ्या भाषांत आकडे पुटपुटतात. आणि मध्येच शुबर्टच्या ‘डेथ अँड द मेडन’ या क्वार्टेटमधली धून येते. त्यासाठी क्रमने गज डाव्या हाताच्या बोटांच्या पलीकडून, खुंट्यांच्या बाजूने फिरवायला लावला आहे. आवाज घोगरा, जुनाट, तीनशे वर्षांमागच्या वाद्यांसारखा निघतो. शुबर्ट ठाऊक नसेल तर या जागेचं निम्मं मर्म हरवतं. म्हणून या दोन रचना एकाच मैफलीत, क्रम आधी आणि शुबर्ट नंतर, अशा ठेवाव्यात. नव्याला नाइलाजाची जागा न देता नात्याची जागा दिली, तर श्रोता आपणहून कान टवकारतो.

नव्यातलं बहुतेक उद्या विसरलं जाणार, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. कंटाळवाण्या नव्या रचना भरपूर आहेत आणि त्यांना टाळ्या द्यायचं बंधन कोणावर नाही. पण हायडनचाच शिष्य प्लेयेल याने पन्नासहून अधिक क्वार्टेट लिहिले, ते युरोपभर खपले आणि आज क्वचितच कोणी वाजवतं. निवड झाली, कारण आधी सगळं वाजवलं गेलं. न वाजवताच पारख करण्याची सोय संगीतात नाही.

उरतो पैशांचा मुद्दा. निदान स्वरलिपीपुरता तो क्रोनोसने निकालात काढला. 2015 पासून त्यांनी पन्नास नव्या रचना लिहून घेतल्या आणि त्यांची स्वरलिपी इंटरनेटवर फुकट ठेवली, तरुण क्वार्टेटना शिकता यावं म्हणून. 2005 साली आशा भोसले यांच्यासह राहुलदेव बर्मनच्या गाण्यांचा अल्बम करणारा हाच संच. या पन्नासांत मुंबईत जन्मलेल्या झाकीर हुसेन यांचीही रचना आहे. पणजी किंवा मुंबईतल्या चार विद्यार्थ्यांना ती आज उतरवून घेता येते. खर्च येतो तो तालमीला, कारण अनोळखी रचना बसवायला ओळखीच्या रचनेपेक्षा कितीतरी अधिक वेळ जातो, आणि तो वेळ आयोजकांच्या मानधनात सहसा धरलेलाच नसतो.